‘प्रतिकारशक्ती’तल्या शक्तीचं काय करायचं?

२०२०च्या ऑगस्टमध्ये मी एक फंक्शन लिहिलं. त्याचं काम सोपं होतं. माणसाचं वय, वजन, उंची, झोपेचे तास, दिवसभरातली पावलं, पाण्याचे ग्लास आणि ‘तुम्ही काढा किंवा हळदीचं दूध घेता का?’ या प्रश्नाचं हो-नाही, एवढं आत घ्यायचं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा बाहेर द्यायचा. ॲपमध्ये तो आकडा हिरव्या गोलात दिसायचा. खाली लिहिलेलं असायचं, ‘तुमची रोगप्रतिकारशक्ती’. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे हे अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलवर ठरलं. त्या कॉलवर डॉक्टर कोणी नव्हतं. मी तेवीस वर्षांचा होतो, पहिलीच नोकरी, ती लॉकडाउनमध्ये टिकली होती. फीचर वेळेत गेलं याचाच आनंद होता.

माझ्या मामाला ९१ गुण मिळाले. मामा तेव्हा ४३चा. कराडजवळच्या गावात राहायचा, कॉलेजात कबड्डी खेळलेला, पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारा. त्यानं स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला आणि मला फोन केला, “बघ लेका, तुझ्या कंपनीनं फर्स्ट क्लासात पास केलं मला.” आजीचे गुणही त्यानंच काढले. वय ७६, मधुमेह, चालणं अंगणापुरतं. तिला ३४ आले. आम्ही सगळे हसलो. आजीपण हसली.

२०२१च्या एप्रिलमध्ये दोघंही एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आले. आजीला चार दिवस ताप आला, तोंडाची चव गेली, पाचव्या दिवशी तिनं भाकरी मागितली. मामानं ताप अंगावर काढला. त्याला बरंच वाटत होतं, किंवा बरं वाटतंय असं तो म्हणत होता. सातव्या दिवशी मामीनं शेजाऱ्यांकडून ऑक्सिमीटर आणून त्याच्या बोटाला लावला तेव्हा ८४ दिसलं. पुढे बेडसाठी फोनाफोनी, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर. पंधराव्या दिवशी तो गेला.

भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी ओसरीवर बसून म्हणालं, “एवढा धडधाकट माणूस. प्रतिकारशक्तीच कमी पडली म्हणायची.” मामी आतल्या खोलीत होती, तिनं ते ऐकलं. रात्री तिनं मला विचारलं, “ह्यांचं किती आलतं रे त्यात?” मी म्हणालो, लक्षात नाही. लक्षात होतं.

‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ या वाक्याशी मी तेव्हापासून भांडतोय. वरवर ते सहानुभूतीचं वाक्य आहे. पण मामीच्या कानांना ते वेगळं ऐकू आलं: तू त्याला खायला काय घातलंस, काढा दिलास का, कुठं कमी पडलीस? हा लेख म्हणजे त्या एका शब्दाची समीक्षा आहे. ती करताना मला एका अमेरिकन लघुकादंबरीची मदत झाली, म्हणून तिचीही.

शब्दाचा सातबारा

आधी माझ्या फंक्शनच्या बाजूनं बोलायचं ते बोलून टाकतो. कोविडमध्ये वय हा सगळ्यात मोठा धोका होता आणि मधुमेहानं तो वाढत होता. म्हणजे हजारभर आजी आणि हजारभर मामा घेतले असते, तर जास्त आजीच गेल्या असत्या. आजीला मामापेक्षा कमी गुण देण्यात दिशा चुकली नव्हती. आमच्या घरात उलटं झालं म्हणून आकडेशास्त्र खोटं ठरत नाही.

चूक गोलाखालच्या ओळीत होती. हजार माणसांत काय घडेल याचा तो कच्चा अंदाज होता. आम्ही त्याला ‘तुमची शक्ती’ म्हटलं. जणू ती मामाच्या अंगात साठवलेली आहे, टाकीत पाणी असतं तशी, आणि टाकी ९१ टक्के भरलीये. टाकी भरलेली असल्यावर माणूस ताप अंगावर काढणारच.

पण हा शब्द आम्ही बनवलेला नव्हता, आम्हाला तो तयार मिळाला. इंग्रजीतला ‘इम्युनिटी’ लॅटिनमधल्या ‘इम्युनिटास’वरून आलाय. रोमन कायद्यात त्याचा अर्थ होता करातून किंवा सार्वजनिक सक्तीच्या कामातून सूट. आपल्याकडचं नातं लावायचं तर तो ‘इनाम’ आणि ‘सारामाफी’च्या कुळातला शब्द आहे. एकाच्या जमिनीवर सारा लागतो, दुसऱ्याच्या लागत नाही, कारण त्याच्याकडे माफीची सनद आहे. सूट मिळालेल्याचं मनगट बळकट आहे असा दावा त्यात नाही. ज्याला देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत, तो ‘सुटला’, एवढंच निरीक्षण त्या शब्दात बसत होतं.

त्यात सैन्य पुढे शिरलं. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावात एली मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती हलत्या पेशी गोळा झालेल्या. शरीर बाहेरून आलेल्याला भिडतं, गिळतं, स्वतःचा बचाव करतं ही कल्पना तिथून पक्की होत गेली. १९०८मध्ये त्याला पॉल एर्लिकबरोबर नोबेल मिळालं. कल्पना खरी होती आणि फार उपयोगी ठरली. पण माफीच्या जागी लढाई आली. लढाई आली की पाठोपाठ प्रश्न येतो: सैन्य किती?

मराठीनं या लढाईला आणखी एक गोष्ट जोडली. रोग, प्रतिकार आणि शक्ती. पहिल्या दोन शब्दांवर माझा आक्षेप नाही. तिसरा शब्द आला की त्याची क्रियापदं आपोआप येतात. शक्ती वाढते, घटते, खर्च होते, कमी पडते. शक्ती कमवावी लागते. आपण व्यायाम करणाऱ्याच्या शरीराला ‘कमावलेलं शरीर’ म्हणतोच. मग जो गंभीर आजारी पडला त्यानं ते कमावलं नव्हतं, हा निष्कर्ष कोणी मुद्दाम काढत नाही, तो व्याकरणातूनच निघतो. २०२०मध्ये जाहिरातींनी या व्याकरणावर दुकान मांडलं. काढा, चूर्ण, ज्यूस, सगळ्यांवर ‘इम्युनिटी बूस्टर’. त्यातलं एक दुकान माझ्या कोडवर चालत होतं.

आत काय घडतं

मामा गेल्यानंतर मी शोधनिबंध वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही. पण लॉग वाचून एखादी सिस्टीम कशी पडली ते शोधणं हे माझं रोजचं काम आहे, त्याच सवयीनं वाचत गेलो. आणि ‘किती’ या प्रश्नाच्या जागी मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘कधी’ हा प्रश्न सापडला.

श्वसनमार्गातल्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं बाहेर सोडते. ही आरोळी असते. शेजारच्या पेशी ती ऐकून दारं-खिडक्या लावून घेतात, म्हणजे विषाणूला त्यांच्यात स्वतःच्या प्रती काढणं अवघड होतं. ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडनमन यांनी १९५७मध्ये लंडनमध्ये हा पदार्थ ओळखला. आरोळी वेळेवर उठली तर पुष्कळदा प्रकरण नाकाघशातच मिटतं. सार्स-कोव्ह-२ हा विषाणू नेमका इथेच घाव घालतो. आरोळी दाबणारी प्रथिनं त्याच्याकडे आहेत. आरोळी उशिरा उठली तर तोवर फुप्फुसात विषाणूच्या प्रती भरपूर झालेल्या असतात. मग मागून येणाऱ्या पांढऱ्या पेशींचा लोंढा, रसायनं आणि दाह त्या प्रमाणात मोठा होतो. फुप्फुसातल्या वायुकोशांची भिंत अतिशय पातळ असते, ऑक्सिजन तिच्यातूनच रक्तात जातो. दाहानं ती भिंत झिरपायला लागते आणि हवेच्या जागी द्रव भरतो. ऑक्सिमीटरवर ८४ दिसतं ते यामुळे. आणि गंमत अशी की, अनेकांत या वेळेपर्यंत विषाणूंची संख्या उतरणीला लागलेली असते.

आरोळीचं महत्त्व किती, हे २०२०मध्येच ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका कामातून दिसलं. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवावर बेतलेला कोविड झालेले ९८७ रुग्ण तपासले. त्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती. संसर्ग होऊनही लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत ती एकाकडेही सापडली नाहीत. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. ही प्रतिपिंडं आजाराच्या आधीपासून असू शकतात, वयाच्या सत्तरीनंतर त्यांचं प्रमाण वाढतं, आणि ज्यांच्याकडे ती असतात त्यांना एरवी कळतही नाही. आता यांना कोणता शब्द लावणार? प्रतिपिंडं म्हणजे तर प्रतिकाराचं नावाजलेलं हत्यार. इथे हत्यार भरपूर आहे आणि ते आरोळी मारणाऱ्याचा गळा दाबतंय. ‘शक्ती कमी पडली’ असं म्हणावं की ‘शक्ती जास्त झाली’? दोन्ही वाक्यं इथे लंगडी पडतात.

दुसरा पुरावा उपचारांचा. २०२०च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड प्रतिकाराला आवर घालतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू त्यानं ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२वरून २३.३वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? औषध न दिलेल्यांत १४ टक्के, दिलेल्यांत १७.८ टक्के. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं पक्का नव्हता, पण फायदा नाही एवढं स्पष्ट होतं, अपाय असण्याची शक्यताही उघडी होती. एकच गोळी, एकच रोग. एका टप्प्यावर जीव वाचवणारी, आधीच्या टप्प्यावर निरुपयोगी किंवा त्याहून वाईट.

उलट बाजूनंही हेच दिसतं. इंटरफेरॉन औषध म्हणून देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्यांना त्याचा एक प्रकार दिला, मृत्यू कमी झाले नाहीत. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः ब्राझीलमध्ये झालेल्या चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या इंटरफेरॉनचं एकच इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत दिलं. ज्यांना ते मिळालं त्या ९३१ जणांपैकी २५ जणांना रुग्णालय गाठावं लागलं किंवा आपत्कालीन विभागात तासन्‌तास राहावं लागलं. न मिळालेल्या १,०१८ जणांपैकी ५७ जणांना. औषधं जुळी नाहीत, रुग्णही वेगळे, त्यामुळे तुलना जपूनच करायची. पण आरोळीचा उपयोग आग लागताना असतो, छप्पर कोसळल्यावर नाही, एवढं त्यातून दिसतं.

आमच्या धंद्यात याच्या जवळ जाणारा एक प्रकार आहे. एखादा सर्व्हर हळू झाला की त्याला विचारणारे बाकीचे सर्व्हर उत्तर न मिळाल्यामुळे पुन्हा विचारतात. मग पुन्हा. मूळ बिघाड दोन मिनिटांत मिटलेला असतो, पण या पुन्हा-पुन्हाच्या हाकांखाली सगळी यंत्रणा झोपते. प्रत्येक सर्व्हर आपलं काम चोख करत असतो. अशा वेळी ‘यंत्रणेत ताकद कमी होती’ असं कोणी लिहिलं तर मॅनेजर तो रिपोर्ट परत पाठवेल. मी स्वतः असे रिपोर्ट लिहिले होते. माणसांसाठी मात्र मी एका आकड्याचा रिपोर्ट लिहिला.

ॲडमला कधी काही दुखलंच नव्हतं

तरुण, तगडी माणसं आधीच्या साथींमध्येही अशी गेली होती का, हे शोधताना १९१८चा इन्फ्लुएंझा समोर येतोच. महाराष्ट्रात जुन्या लोकांनी तिला ‘मानमोडीची साथ’ म्हटलं. जून १९१८मध्ये ती मुंबईत पोचली, पहिली लाट तुलनेनं सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली भयंकर. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, त्यानंतरच्या एकाही जनगणनेत तसं झालेलं नाही. आणि एरवी तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना नेणाऱ्या फ्लूनं या वेळी २० ते ४० वयाची माणसं उचलली.

त्या शोधात मला कॅथरीन ॲन पोर्टरची ‘पेल हॉर्स, पेल रायडर’ सापडली. १९३९मध्ये पुस्तकरूपानं आलेली लघुकादंबरी. मी ती हिंजवडीला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये फोनवर वाचली. पोर्टर १९१८मध्ये डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात काम करत होती, तिला फ्लू झाला, ती मरणार म्हणून पेपरानं तिचा मृत्युलेख जुळवून ठेवला होता. ती वाचली. केस गळले, पुन्हा आले ते पांढरे. तेव्हा ती २८ वर्षांची होती, आज मी आहे तेवढी.

कथा साधी आहे. मिरांडा वर्तमानपत्रात काम करते. ॲडम सैनिक आहे, लवकरच युद्धावर जाणार. दोघंही २४ वर्षांचे. दोघं दहा-बारा दिवस भेटतात, नाचायला जातात, रस्त्यात प्रेतयात्रा गेली की थांबतात. मिरांडाला आधीपासून कणकण आहे, डोकं दुखतंय. ॲडम मात्र निरोगीपणाचा नमुना. आयुष्यात आपल्याला कधी काही दुखल्याचं आठवत नाही असं तो सांगतो आणि मिरांडाला त्याचं कौतुक वाटतं. मग ती कोसळते. दवाखान्यात बेड नाही, ॲम्ब्युलन्स नाही, घरमालकीण तिला बाहेर काढायला निघालेली. हे वाचताना मला १९१८ दिसत नव्हतं, २०२१चा एप्रिल दिसत होता. ॲडम तिची शुश्रूषा करतो. शेवटी ती वाचते. युद्ध थांबल्याच्या घंटा वाजत असतात. आणि साठलेल्या टपालातल्या एका पत्रातून तिला कळतं की ॲडम छावणीच्या दवाखान्यात फ्लूनं गेला.

या लघुकादंबरीचं मोठेपण मला यात वाटतं की, पोर्टर ॲडमच्या मरणाचं कारण देत नाही. आजारी मिरांडा वाचली आणि कधीही न दुखलेला ॲडम गेला, या दोन गोष्टी ती शेजारी ठेवते आणि मध्ये ‘म्हणून’ घालत नाही. ओसरीवरच्या माणसाला जे जमलं नाही ते तिला जमलं. ‘कमी पडलं’ असं म्हटलं की आपल्या मनाला कारण मिळतं, आणि ज्याचं माणूस गेलंय त्याच्या पदरात दोष पडतो. पोर्टर आपल्याला ते कारण मिळू देत नाही.

तिच्यात एक प्रसंग आहे जो मी तीनदा वाचला. मिरांडावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव हिल्डेशाइम, जर्मन नाव. युद्धाचा काळ, शहरभर जर्मनांविरुद्ध प्रचार. तापाच्या भ्रमात मिरांडाला तोच डॉक्टर जर्मन शिरस्त्राण घालून, संगिनीवर बाळ टोचून, विषाचं भांडं घेऊन येताना दिसतो. ती ओरडते, हा हेर आहे, याला मारा. जो वाचवायला आलाय त्यालाच ती शत्रू ठरवते, कारण ओळख पटवण्याची तिची यंत्रणा बाहेरच्या प्रचारानं आणि आतल्या तापानं बिघडली आहे. स्वतःच्या इंटरफेरॉनवर चालून जाणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल वाचल्यावर मला हा प्रसंग पुन्हा आठवला. पोर्टरला हे जीवशास्त्र माहीत असणं शक्य नव्हतं आणि तिला ते सांगायचंही नव्हतं, तिचा रोख युद्धाच्या भाषेवर होता. पण लढाईची भाषा डोक्यात भरली की आपलं-परकं कळेनासं होतं, हे तिनं शरीराच्या पातळीवर नेऊन दाखवलं. आमच्या हिरव्या गोलाभोवती एक ढाल काढलेली होती, ते मला इथं आठवलं.

तरी एका जागी ही लघुकादंबरीही घसरते असं मला वाटतं. मरणाच्या अगदी तळाशी मिरांडामध्ये एक कण उरतो, स्वतःच्याच बळावर टिकलेला, जगण्याचा हट्ट धरून जळणारा. तो विझत नाही म्हणून ती परतते. लेखन म्हणून ती पानं विलक्षण आहेत. पण त्यांचा अर्थ काय होतो? मिरांडात तो कण होता. मग ॲडममध्ये नव्हता का? समोरच्या दारातून पोर्टरनं ‘शक्ती’ला येऊ दिलं नाही, आणि मागच्या दारानं ती ‘जिजीविषा’ म्हणून आत आली. स्वतः वाचलेल्या माणसाला असं वाटणं मी समजू शकतो. आपण उगाच वाचलो हे पचवणं फार अवघड असणार. पण जो गेला त्याच्या बाजूनं वाचलं की हा कण खुपतो.

वादळ हाही एक आकडाच

२०२०नंतर वर्तमानपत्रांतून आपल्याला दुसरा शब्द मिळाला, ‘सायटोकाइन वादळ’. मला पहिल्यांदा तो मुक्तीसारखा वाटला. म्हणजे मामाची शक्ती कमी नव्हती, उलट जास्त होती, ती उलटली! मामीला हे सांगावं असं वाटलं. १९१८च्या तरुणांबद्दलही हेच लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. त्याला काही आधारही आहे: १९१८चा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा तयार करून माकडांना दिला तेव्हा त्यांच्यात सुरुवातीचा प्रतिकार बिघडलेला आणि बेताल दिसला, हे २००७मध्ये ‘नेचर’मध्ये आलं.

पण पुढे वाचत गेलो तसं हेही सोपं उरलं नाही. १९१८च्या जतन केलेल्या फुप्फुसांचे नमुने तपासणाऱ्यांना बहुतेक मृत्यूंमध्ये जिवाणूंचा न्यूमोनिया नंतर जडलेला दिसला. तरुणांनी लहानपणी कोणता फ्लू पाहिला होता आणि शरीर कशाची आठवण धरून बसलं होतं, हाही एक गंभीरपणे मांडलेला मुद्दा आहे. कोविडमध्येही, ज्या रसायनांच्या पुराला वादळ म्हटलं गेलं त्यातल्या आयएल-६ची पातळी सेप्सिससारख्या इतर गंभीर आजारांपेक्षा सरासरीनं बरीच कमी निघाली. म्हणजे वादळही म्हणावं तितकं मोठं नव्हतं. पण ते चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी होतं, आणि थांबत नव्हतं.

‘शक्ती’ आणि ‘वादळ’ एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोन्ही एकाच पट्टीवरचे शब्द आहेत. एक म्हणतो कमी पडलं, दुसरा म्हणतो जास्त झालं. दोन्ही माझ्या फंक्शनसारखेच आहेत, एक आकडा बाहेर देणारे. आणि या आकडेमोडीची किंमत मोजावी लागते. वादळाच्या भीतीनं दुसऱ्या लाटेत अनेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच, ऑक्सिजन नीट असताना, स्टिरॉइड सुरू झाली. ‘रिकव्हरी’चा तिसरा गट कोणी आठवला नाही. स्टिरॉइडचा अतिवापर आणि ताब्यात नसलेली साखर हे तेव्हाच्या म्युकरमायकोसिसच्या मागचं मोठं कारण ठरलं. महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. ‘शक्ती वाढवा’ म्हणणारे आणि ‘वादळ दाबा’ म्हणणारे, दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

मला नवा शब्द घडवायचा नाही, शासकीय परिभाषाकोशांना ते काम आहेच. पण मराठीत आधीपासून असलेली काही क्रियापदं मला शक्तीपेक्षा खरी वाटतात. ओळखणं. कळवणं. आवरतं घेणं. ‘तारतम्य’ हा शब्द तर तयारच आहे. कोणी भांडायला आलं तर कधी उठायचं, किती बोलायचं, कुठं थांबायचं हे ज्याला कळतं त्याला आपण ताकदवान म्हणत नाही, तारतम्य असलेला म्हणतो. चांगली प्रतिकारयंत्रणा अशी असते. लस काय करते तेही या भाषेत नीट सांगता येतं: ती टाकी भरत नाही, ओळख करून देते, म्हणजे खऱ्या वेळी उशीर होत नाही. झोप, व्यायाम, साखर ताब्यात ठेवणं या गोष्टी खोट्या ठरत नाहीत, त्यांनी धोका कमी होतो. पण त्या सनद नाहीत. ९१वाल्यानंही तिसऱ्या दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा असतो.

ती कंपनी मी २०२२मध्ये सोडली. ॲप अजून चालू आहे. गोल तसाच आहे, खालची ओळ फक्त ‘वेलनेस स्कोअर’ अशी झालीये. फंक्शन बहुधा माझंच असेल.

गेल्या वर्षी मामाच्या श्राद्धाला गेलो तेव्हा मामीला सांगितलं, “मामी, मला लक्षात होतं. ९१ आले होते.” ती म्हणाली, “म्हाईत हाय मला. त्यांच्या फोनात अजून हाय ते.” मग मी तिला जमेल तसं समजावलं. की तिचं काही चुकलं नव्हतं. की मामाच्या आत नेमकं काय झालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण काही कमी पडलं असं म्हणण्यात अर्थ नाही. शरीराची हाक उशिरा उठली असेल, आवर उशिरा बसला असेल, वेळ चुकली असेल.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे वेळच आलती म्हण की.”

मी म्हणणार होतो की नाही, त्या अर्थानं नाही. पण आजी शेजारी बसली होती, ऐंशीची, तिनं मान हलवली, आणि मामी चहा टाकायला उठली. मी काही बोललो नाही. एक शब्द मी तिच्याकडून काढून घेतला होता, तिनं त्या जागी तिचा ठेवला. त्यात दोष कोणाचाच नव्हता. सध्या तेवढं पुरे, असं मला वाटलं.